जंगल पाहून आल्यावरचा महिना

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी सहा रात्री बोर्निओच्या जंगलात राहून आलो. तेव्हापासून दवाखान्यात, लग्नघरात, बाजारात जो भेटेल तो पहिला प्रश्न एकच विचारतो, "डॉक्टर, साप दिसला का हो?" दुसरा प्रश्न वाघाचा असतो. साप दिसला, पण एकच, आणि तोही फांदीवर वेटोळे घालून स्वस्थ पडलेला. वाघ तर बोर्निओत नाहीतच. मात्र या प्रवासाहून परतल्यावर आमच्या नात्यातली एक व्यक्ती आठ दिवस रुग्णालयात होती. त्याला कारण साप नव्हता की हत्ती नव्हता. नदीचे पाणी होते आणि न घेतलेली एक गोळी होती.

वाचकहो, हल्ली आपल्या जिल्ह्यातूनही पुष्कळ मंडळी परदेशातली जंगले पाहायला जातात. निवृत्तीनंतर हातात चार पैसे असतात, मुले बाहेरगावी असतात आणि आयुष्यभर राहून गेलेली हौस असते. जरूर जावे. पण जाताना काय करावे यापेक्षा आल्यावर काय करावे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून आज ही घरचीच हकीकत सांगतो. ज्यांची हकीकत आहे त्यांनीच "लिहा, लोकांना उपयोग होईल" असे सांगितले आहे.

कुठले हे जंगल?

बोर्निओ हे आग्नेय आशियातले एक प्रचंड बेट आहे. त्याचे तीन वाटेकरी, इंडोनेशिया, मलेशिया आणि चिमुकला ब्रुनेई. मलेशियाच्या वाट्याला आलेल्या सबा राज्यात दानुम खोरे नावाचे ४३८ चौरस किलोमीटरचे राखीव जंगल आहे. मुंबईहून क्वालालंपूर, तिथून कोटा किनाबालू, मग लहान विमानाने लाहद दातू हे गाव आणि शेवटी दोन-अडीच तास खडीच्या रस्त्याने जीप. हा शेवटचा टप्पा मुद्दाम सांगितला. रात्री-अपरात्री काही झाले तर रुग्णालयही तेवढ्याच अंतरावर असते, हे घरून निघतानाच ध्यानात ठेवावे.

माझ्याबरोबर आमचे मोठे मेहुणे होते, म्हणजे सौ.चे थोरले बंधू. वय बासष्ट, बँकेतून निवृत्त, पुण्यात स्थायिक. रक्तदाबाची एक गोळी चालू, बाकी प्रकृती ठणठणीत. पक्षी पाहण्याचा त्यांना तीस वर्षांचा छंद. तिलारीच्या जंगलात धनेश पाहायला ते दरवर्षी आमच्याकडे येतात. बोर्निओत धनेशाच्या आठ जाती आहेत हे वाचल्यापासून त्यांनी माझ्यामागे धोशा लावला होता. "जावईबापू, गुडघे चालताहेत तोवर जाऊन येऊ!"

गुडघे चालले आणि डोळ्यांचे पारणेही फिटले. पहाटे धुके असतानाच गिबन माकडांच्या जोड्या झाडांच्या शेंड्यांवरून साद घालू लागत. गेंड्यासारखे शिंग चोचीवर मिरवणारा धनेश डोक्यावरून गेला, तेव्हा त्याच्या पंखांचा आवाज एखाद्या जुन्या इंजिनासारखा आला. तिसऱ्या दिवशी उंबराच्या जातीच्या एका झाडावर ओरांगउटानची मादी पिलाला कुशीत घेऊन फळे खाताना दिसली. मलाय भाषेत ओरांग म्हणजे माणूस आणि उटान म्हणजे रान. हा रानातला माणूस रोज संध्याकाळी झोपण्यासाठी पानाफांद्यांचे नवे घरटे बांधतो. मादीला सहा ते आठ वर्षांतून एकदा पिलू होते. म्हणून एक पिलू दगावले तरी त्या जातीचे मोठे नुकसान असते.

इथे आरोग्याचा पहिला धडा मिळाला, आणि तो आपल्या आरोग्याचा नव्हता. आमच्या गटातल्या एका पाहुण्याला सर्दी झाली होती. वाटाड्याने त्यांना नम्रपणे मागे थांबवले. ओरांगउटान आपले इतके जवळचे नातलग आहेत की आपली सर्दी, आपला खोकला त्यांना होऊ शकतो. आपण चार शिंका देऊन बरे होतो, पण त्या पिलाला ती शिंक महागात पडू शकते. किमान १० मीटर अंतर ठेवावे, तिथे खाऊ नये, थुंकू नये आणि सर्दी असेल तर जाऊ नये. जंगलाला आपल्यापासूनही जपायचे असते.

घाम येतो, पण वाळत नाही

दानुम खोऱ्यात वर्षाला सुमारे २,८०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या सिंधुदुर्गातही तो तीन हजारांच्या घरात असतो. फरक इतकाच, की आपला पाऊस चार महिन्यांत सगळा कोसळून मोकळा होतो आणि तिथला बारा महिने थोडा थोडा पडत राहतो. म्हणून ती झाडे आभाळाला भिडतात. याच खोऱ्यात २०१९ साली एका झाडाची उंची माणसाने वर चढून, फीत खाली सोडून मोजली. ती १००.८ मीटर भरली, म्हणजे तीस मजली इमारतीपेक्षा जास्तच.

या झाडांच्या सावलीत ऊन लागत नाही, तापमानही तीस-एकतीस अंशांवर क्वचितच जाते. त्यामुळे आपण गाफील राहतो. शरीर थंड होते ते घाम आल्याने नव्हे, घाम वाळल्याने. तिथली हवा पाण्याने इतकी भरलेली असते की घाम वाळतच नाही, नुसता निथळतो. पाणी आणि मीठ दोन्ही जाते आणि शरीर मात्र तापलेलेच राहते. डोके दुखणे, मळमळ, पोटऱ्यांत गोळे येणे, चिडचिड ही पहिली लक्षणे. अशा वेळी बसावे, बूट सैल करावेत आणि साखर-मिठाचे पाणी घ्यावे. एक लिटर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, सपाट भरलेला. मीठ जास्त टाकू नये. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी किती प्यावे हे निघण्याआधीच आपल्या डॉक्टरांना विचारावे. पहिले दोन दिवस फिरणे निम्मेच ठेवावे, शरीराला सवय व्हायला वेळ लागतो. ओले मोजे दिवसभर पायात ठेवले की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. रात्री पाय कोरडे करून पावडर लावावी आणि कोरड्या मोज्यांचा एक जोड फक्त झोपण्यासाठी राखून ठेवावा.

जळवा, त्रास फार पण धोका थोडा

आंबोलीला पावसात गेलेल्यांना जळू सांगायला नको. दानुममध्ये दोन प्रकारच्या जळवा भेटतात. तपकिरी जळू जमिनीवरून बुटावर चढते आणि ती चावल्याचे कळतही नाही. पट्टेवाली जळू पानांच्या टोकावर, कमरेच्या उंचीवर वाट पाहत बसते. ती चावली की चांगली झोंबते. तिथे घट्ट विणीच्या कापडाचे गुडघ्यापर्यंतचे मोजे मिळतात. ते आपल्या मोज्यांवर चढवायचे आणि विजार त्यांत खोचायची. त्यांतून जळू शिरत नाही.

तरीही चिकटलीच, तर ओढू नका, विडीचा चटका देऊ नका, मीठ, तंबाखू, चुना काही लावू नका. अशाने ती पोटातले बाहेर टाकते आणि जखमेत घाण जाण्याचा संभव असतो. नखाची कड तिच्या निमुळत्या तोंडाखाली सरकवावी, ती सुटते. मग जाड टोकही तसेच सोडवावे. जळूच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो, म्हणून जखम तासभरसुद्धा वाहते. घाबरू नये. साबणाने धुऊन स्वच्छ फडक्याने दाबून धरावे. जे रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेतात त्यांनी मात्र आधीच सावध असावे.

जळू आपल्याला सहसा रोग देत नाही. पण तिने केलेली बारीक जखम, बुटाने सोललेली टाच, वेताच्या काट्याचा ओरखडा, ही सगळी कातडीची उघडी दारे असतात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे ते उपयोगी पडणार आहे.

माकडाचा मलेरिया

मलेरिया माणसाकडून डासाला आणि डासाकडून माणसाला, असे आपण शाळेत शिकलो. बोर्निओत त्या साखळीत माकड आहे. तिथल्या लांब शेपटीच्या आणि आखूड शेपटीच्या माकडांच्या रक्तात एक परोपजीवी असतो, प्लास्मोडियम नोलेसी. या नावाचा संबंध आपल्या कलकत्त्याशी आहे. तिथल्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील रॉबर्ट नोल्स यांच्यावरून ते दिले गेले. नोल्स आणि दासगुप्ता यांनी १९३२ साली दाखवून दिले की माकडाच्या रक्तातला हा जंतू माणसाच्या रक्तात गेला तर माणसालाही ताप येतो. तरी पुढे कित्येक वर्षे हा मलेरिया जंगलात आपोआप माणसाला होत असेल, असे फारसे कोणी धरले नाही. १९६५ साली मलायाच्या जंगलात काम करून परतलेल्या एका अमेरिकन माणसात तो प्रथम सापडला. २००४ साली बोर्निओतील सारावाक राज्यात तपासलेल्या मलेरियाच्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांना हाच मलेरिया असल्याचे उघड झाले. सूक्ष्मदर्शकाखाली तो दुसऱ्या, सौम्य मलेरियासारखा दिसतो, त्यामुळे इतके दिवस फसगत होत होती.

पण तो सौम्य नाही. इतर मलेरियाचे जंतू दर ४८ किंवा ७२ तासांनी वाढतात, हा दर २४ तासांनी वाढतो. म्हणून दोन दिवस "बघू या" म्हणत काढले तर रोग हाताबाहेर जाऊ शकतो. मलेशियाने माणसामाणसांत पसरणारा मलेरिया जवळजवळ हद्दपार केला. २०१८ साली त्याचा एकही स्थानिक रुग्ण नव्हता. त्याच साली माकडाच्या मलेरियाचे मात्र ४,००० हून अधिक रुग्ण निघाले.

हा डास घरात नव्हे, जंगलाच्या कडेला, दिवेलागणीच्या सुमाराला चावतो. नेमकी त्याच वेळी पर्यटक उघड्या गाडीत बसून उडणाऱ्या खारी आणि रातमाकडे पाहायला निघतात. म्हणून पूर्ण बाह्यांचा फिकट रंगाचा सदरा, पूर्ण विजार, उघड्या कातडीवर डास पळवणारे मलम आणि रात्री मच्छरदाणी, यांत कसूर नको. शिवाय प्रतिबंधक गोळी.

मी आम्हा दोघांसाठी डॉक्सिसायक्लिन निवडले. रोज एक १०० मिलिग्रॅमची गोळी, निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून, तिथे असेपर्यंत आणि परतल्यावर आणखी चार आठवडे. शेवटचे चार आठवडे लोक हमखास विसरतात, कारण जंगल मागे राहिलेले असते. जंतू मात्र रक्तात उतरायला वेळ घेतो. ही गोळी गरोदर स्त्रियांना आणि आठ वर्षांखालील मुलांना देत नाहीत, त्यांच्यासाठी दुसरी औषधे आहेत. ही घेणाऱ्याची कातडी उन्हाने लवकर भाजते. आणखी एक गोष्ट. ही गोळी जेवणानंतर, ताठ बसून, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि नंतर अर्धा-एक तास आडवे होऊ नये. नाहीतर ती अन्ननलिकेत अडकते आणि तिथे व्रण पडतो.

हे सगळे मी मेहुण्यांना निघताना सांगितले होते. निदान सांगितले असे मला वाटत होते.

नदी

आमच्या निवासाजवळून दानुम नदी वाहत होती. ती पुढे सेगामा नदीला मिळते. चौथ्या दिवशी दुपारी मोठी सर येऊन गेली. उकाडा असह्य होता. मी खोलीत पडलो होतो. मेहुणे दोघा-तिघांबरोबर नदीवर गेले आणि मनसोक्त डुंबून आले. मला त्यांनी हे सांगितले नाही, कारण नदीत उतरू नका असे मी पहिल्याच दिवशी बजावले होते.

ते मी उगाच बजावले नव्हते. २००० सालच्या ऑगस्टमध्ये सबात धावणे, डोंगर चढणे, नाव वल्हवणे अशी एक मोठी साहसी शर्यत झाली. जगभरातून ३०४ धडधाकट खेळाडू आले होते. घरी परतल्यावर त्यांना ताप येऊ लागले. ज्या १८९ जणांशी संपर्क झाला त्यांच्यापैकी ८० जणांत एकाच रोगाची लक्षणे आढळली आणि २९ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. सुदैवाने कोणी दगावले नाही. तो रोग होता लेप्टोस्पायरोसिस. शोध घेतल्यावर कळले की सेगामा नदीत पोहलेल्यांना धोका अधिक होता. ज्यांनी डॉक्सिसायक्लिन घेतले होते त्यांना तो कमी होता.

लेप्टो! हे नाव आपल्याला काही नवीन नाही. भातलावणीच्या दिवसांत कोकणातल्या घराघरांत ते ठाऊक आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईलाही ते कळले. उंदरांच्या आणि कित्येक रानटी प्राण्यांच्या लघवीतून हे जंतू बाहेर पडतात. पाऊस ते ओढ्यानदीत वाहून नेतो. पाणी स्वच्छ दिसते, पण मोठ्या सरीनंतरचे पाणी सर्वांत वाईट. जंतू तोंडावाटे, डोळ्यांवाटे आणि कातडीच्या बारीक जखमांतून शरीरात जातात. मघाशी म्हटलेली उघडी दारे ती हीच. मेहुण्यांच्या पोटऱ्यांवर त्या दिवशी जळवांचे निदान पाच चावे होते.

पुण्याहून आलेला फोन

आम्ही परतलो. मी इकडे, मेहुणे पुण्याला. नदीत डुंबल्याच्या दहाव्या दिवशी त्यांना थंडी वाजून ताप भरला. मे महिना, पुण्याचे ऊन. जवळच्या डॉक्टरांकडे गेले, "उन्हात फिरणे झाले" असे सांगितले. बोर्निओचा उल्लेखच नाही. डॉक्टरांनी तापाची गोळी दिली आणि दोन दिवसांनी यायला सांगितले. त्या डॉक्टरांना मी मुळीच दोष देत नाही. मे महिन्यात पुण्यातल्या बँकवाल्या गृहस्थाला लेप्टो असेल हे कोणाच्या मनात येणार? जे सांगितले नाही ते डॉक्टरांनी ओळखायचे कसे?

तिसऱ्या दिवशी रात्री वहिनींचा फोन आला. "भाऊजी, यांचे डोळे लालबुंद झालेत. पोटऱ्या इतक्या दुखताहेत की जिना उतरवत नाही. ताप गोळीने उतरतो आणि परत चढतो."

माझ्या पोटात धस्स झाले. "वहिनी, मलेरियासाठी रक्त तपासले का?"

"नाही हो. उन्हाचाच ताप म्हणताहेत सगळे."

"मग सकाळची वाट पाहू नका. आत्ता मोठ्या रुग्णालयात न्या. तिथे पोचल्या पोचल्या एवढेच सांगा, की पंधरा दिवसांपूर्वी हे बोर्निओच्या जंगलात होते, तिथे माकडांचा मलेरिया असतो. आणि मला फोन जोडून द्या."

रात्री साडेअकराला रुग्णालयातल्या तरुण डॉक्टर बाईंशी बोलणे झाले. त्यांनी लगेच मलेरियाचे रक्त घेतले. दोषविरहित आले. पण एकदा दोषविरहित येणे पुरेसे नसते, बारा ते चोवीस तासांच्या अंतराने निदान तीनदा तपासावे लागते. तसे त्यांनी तपासले. दरम्यान बाकीचे अहवाल आले. रक्तबिंबिका उतरलेल्या, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन वाढलेले, लघवी कमी. मी मेहुण्यांना फोनवर घेतले.

"दादा, खरे सांगा. नदीत उतरला होतात?"

पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "एकदाच. दुपारी."

"आणि गोळी?"

"दुसऱ्या दिवशीच सोडली. छातीत फार जळजळत होते. तुम्ही रागवाल म्हणून बोललो नाही."

बिछान्यावर पडल्या पडल्या, घोटभर पाण्याने ते गोळी घेत होते. एकाच गोळीने दोन्ही रोगांपासून संरक्षण झाले असते. पनामाच्या जंगलात प्रशिक्षण घेणाऱ्या अमेरिकन सैनिकांवर १९८२ साली केलेल्या प्रयोगात, आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्यांत लेप्टोचा एकच रुग्ण निघाला आणि नुसती साधी गोळी घेणाऱ्यांत वीस. हे मला ठाऊक होते. पण माझ्याच शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या माणसाची गोळी बंद झाली आहे, हे मला ठाऊक नव्हते. मी एकदाही विचारले नाही, "दादा, गोळी सोसते ना?" चूक त्यांची होती तशी माझीही होती. आम्ही डॉक्टर मंडळी सांगतो पुष्कळ, विचारतो कमी.

मी डॉक्टर बाईंना लेप्टोचा संशय कळवला. त्यांनी तपासणीच्या निकालाची वाट न पाहता त्याच तासाला शिरेतून प्रतिजैविक सुरू केले. हे फार महत्त्वाचे. लेप्टोची नेहमीची रक्ततपासणी पहिल्या आठवड्यात पुष्कळदा दोषविरहित येते. मेहुण्यांचीही आली. आठवड्याने पुन्हा केली तेव्हा दोष निघाला. तोवर थांबलो असतो तर कावीळ, मूत्रपिंड बंद पडणे किंवा फुप्फुसांत रक्तस्राव, यांपैकी काय झाले असते ते सांगता येत नाही. तिसऱ्या दिवशी लघवी वाढली. नवव्या दिवशी ते घरी आले. घरी आल्यावर त्यांनी पहिला फोन मला केला आणि म्हणाले, "जावईबापू, सात समुद्र ओलांडून शेवटी कोकणचाच ताप आणला की!"

हा धडा घरासाठीही

खरेच आहे ते. जंगल बोर्निओचे असो की आपले, रीत एकच. माकडे, डास, उंदीर, गोचीड, पाणी आणि त्यांच्यामध्ये जाऊन उभा राहणारा माणूस. २०१६ साली आपल्या दोडामार्ग तालुक्यात माकडतापाने जीव घेतले, तेव्हाही गोष्ट जंगलाचीच होती. काजूच्या बागेत, रानात लाकडाला गेलेल्यांना गोचिडी चावल्या होत्या. तेव्हा ताप आला की "मी रानात गेलो होतो, तिथे माकड मेले होते" हे एक वाक्य डॉक्टरांना सांगणे लाखमोलाचे होते. आजही आहे.

म्हणून जंगलाच्या प्रवासाला निघणाऱ्यांनी हे एवढे करावे.

१. निघण्याच्या निदान महिना-दीड महिना आधी डॉक्टरांना भेटा. कुठे जाणार, कुठल्या महिन्यात, काय काय करणार ते सांगा. मलेरियाची गोळी आणि धनुर्वात, विषमज्वर, कावीळ यांच्या लशी त्यावर ठरतात.

२. आफ्रिकेच्या किंवा दक्षिण अमेरिकेच्या वर्षावनांत जाणार असाल तर पीतज्वराची लस लागते. ती किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी आणि दाखला जपून ठेवावा. तो नसेल तर भारतात परत येताना अडवून ठेवले जाऊ शकते.

३. नेहमीची औषधे दुप्पट घ्या. एक संच हातातल्या पिशवीत आणि दुसरा सामानात. जंगलात औषधाचे दुकान नसते.

४. प्रवासविमा घेताना, दूरच्या जागेवरून रुग्णालयात हलवण्याचा खर्च त्यात आहे ना, हे वाचून पाहा.

५. गोळी सोसत नसेल तर गुपचूप सोडू नका. सांगा. बदलून मिळते.

६. पावसानंतर नदी-ओढ्यात उतरू नका. उतरणे भागच असेल तर जखमा झाकून घ्या, तोंडात पाणी जाऊ देऊ नका आणि नंतर स्वच्छ पाण्याने आंघोळ करा.

७. सर्वांत महत्त्वाचे. परतल्यावर महिनाभरात ताप आला तर तो साधा समजू नका. त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी तीन गोष्टी आपणहून सांगा. कुठल्या जंगलात होतो, कुठल्या तारखांना होतो आणि कुठल्या पाण्यात उतरलो होतो. मलेरियाचे काही प्रकार कित्येक महिन्यांनीही डोके वर काढतात, म्हणून वर्षभर हे लक्षात असू द्यावे.

आमच्या मेहुण्यांनी आता पाकिटात एक चिठ्ठी ठेवली आहे. तिच्यावर प्रवासाच्या तारखा, जागेचे नाव आणि चालू औषधे लिहिलेली असतात. यंदा त्यांना पुन्हा जायचे आहे, कारण धनेशाच्या आठांपैकी पाचच जाती पाहून झाल्या आहेत. सौ.ची आणि वहिनींची परवानगी मिळाली आहे, पण एका अटीवर. रात्रीच्या जेवणानंतर दादांनी माझ्यासमोर ताठ बसून, पेलाभर पाण्याने गोळी घ्यायची. आणि मी रोज विचारायचे, "सोसते ना?"